किल्ली हातात घेण्याआधी

घराजवळ मेट्रोचं स्टेशन झालं तरी माणूस स्कूटरच का काढतो? ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी हे मेट्रोचे पहिले दोन तुकडे सुरू झाले, तेव्हापासून पुण्यात हा प्रश्न टपरीवरही विचारला जातो आणि महापालिकेच्या बैठकीतही. उत्तरं दोनच, आणि दोन्ही ठरलेली. एक म्हणतो, लोकांना सवयच लागलीय, बुडाखालची गाडी सुटत नाही. दुसरा म्हणतो, सोय कुठे आहे? स्टेशनातून उतरून पुढे जायचं कसं ते सांगा. हे भांडण मिटत नाही, कारण दोघांचा पुरावा एकच असतो : रस्त्यावरची गाडी. सवयीनं चालवलेली स्कूटर आणि नाइलाजानं चालवलेली स्कूटर सिग्नलला शेजारी शेजारी उभ्या असतात. चौकात बसून वाहनं मोजणारा माणूस दोन्हींसाठी एकच रेघ ओढतो.

हे पुस्तक त्या दोन स्कूटरी वेगळ्या कशा ओळखायच्या याबद्दल आहे.

सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या तर एक बंद ठेवून दुसरी चालू करून बघावी लागते. खऱ्या शहरात ते जमत नाही. कोथरूडच्या रहिवाशांची सवय उद्या सकाळपुरती काढून घ्या, असा हुकूम आयुक्तांनाही सोडता येत नाही. संगणकात येतो. तिथे एक छोटं शहर मांडायचं, त्यात काही हजार माणसं सोडायची, प्रत्येकाला घर, कामाचं ठिकाण, ऐपत, वाहन, आवडीनिवडी आणि कालची आठवण द्यायची, आणि सकाळ करायची. मग दुसरी सकाळ. या पुस्तकात त्या शहराला प्रतिकृती आणि त्या माणसांना सोंगट्या म्हटलं आहे. सोंगट्यांनी काय करायचं हे आपण ठरवत नाही. त्या निर्णय कसा घेतात एवढंच लिहून देतो आणि वर्षभराच्या सकाळी उलटल्यावर रस्त्यावर काय उभं राहिलं ते मोजतो.

या विषयातलं पहिलं मोठं यश मात्र सोंगट्यांशिवाय मिळालं होतं, आणि त्याचा मान आधी ठेवायला हवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७२ साली बार्ट ही रेल्वे सुरू झाली. कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिने जातील, असा अधिकृत अंदाज होता. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे सुरू होण्याआधीच काही शे लोकांना विचारून ठेवलं होतं, की तुम्ही आज कसे जाता, वेळ किती लागतो, खर्च किती येतो. त्या उत्तरांवरून त्यांनी आकडा काढला ६.३ टक्के. प्रत्यक्षात आला ६.२. पुढे २००० साली मॅकफॅडन यांना नोबेल मिळालं. प्रत्येक पर्यायाला वेळ, पैसा, सोय यांवरून गुण द्यायचे आणि ज्याचे गुण जास्त तो निवडला जाण्याची शक्यता जास्त धरायची, हे त्या गणिताचं सार. जगभरच्या वाहतूक आराखड्यांमध्ये आजही त्याच्याच लेकीसुना नांदताहेत.

मग अडलं कुठे? त्या गणितातल्या माणसाला काल नसतो. तो रोज सकाळी सगळे पर्याय नव्यानं समोर मांडतो, तोलतो, आणि निघतो. भाडं दोन रुपयांनी उतरलं की त्याला कळतं. नवी बस सुरू झाली की तेही कळतं. असा माणूस कुणी पाहिलाय? आपण सकाळी किल्ली घेतो ती खिळ्यावरून, हात आपोआप तिकडे जातो म्हणून. बहुतेक दिवशी निवड अशी काही झालेलीच नसते. हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं, की माणूस सर्वांत चांगला पर्याय शोधत बसत नाही, भागतंय म्हटल्यावर थांबतो. त्यांनाही १९७८ साली नोबेल मिळालं. पण रस्त्यांचे आराखडे करणाऱ्यांच्या टेबलावर ही गोष्ट पोचायला बराच काळ गेला.

सोंगट्यांची घराणी दुसरीकडून आली. थॉमस शेलिंग यांनी १९७१ साली पटावर नाण्यांसारखे दोन रंगांचे ठिपके मांडून दाखवलं, की शेजारी आपल्यासारखे थोडेफार असावेत एवढीच माफक इच्छा प्रत्येकाला असली, तरी अख्खं शहर दोन वस्त्यांत फाटू शकतं. कुणालाच ते नको असताना. १९९२ साली काइ नागेल आणि मायकेल श्रेकेनबर्ग यांनी रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन पाडले, एका चौकोनात एक मोटार ठेवली, अधूनमधून एखाद्या चालकानं उगाच जरासा वेग कमी करावा असा नियम घातला, आणि अपघात नाही, खड्डा नाही, तरी कोंडी उभी राहिली. (लक्ष्मी रस्त्यावर साडेसात मीटरच्या चौकोनात एक मोटार, चार स्कूटरी, एक हातगाडी आणि उलट दिशेनं येणारा एक गृहस्थ मावतो, आपल्याकडच्या अभ्यासकांना हा नियम पहिल्याच दिवशी मोडावा लागतो.) नागेल यांचा हात असलेली मॅटसिम ही प्रणाली आज अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात लाखो सोंगट्या एकच दिवस पुनःपुन्हा जगतात आणि दर खेपेला आपला बेत थोडा सुधारतात. मात्र ती सुधारणा हे गणित जुळवण्याचं तंत्र आहे. शंभरावी खेप म्हणजे शंभरावा दिवस नव्हे. या पुस्तकात खेप म्हणजे दिवसच आहे, आणि त्यामुळे बरंच काही बदलतं.

एक सोंगटी जवळून पाहू. पस्तिशीची बाई, घर कोथरूडला, मेट्रो स्टेशनपासून पायी बारा मिनिटांवर. ऑफिस कल्याणीनगरला. दारात बिनगिअरची स्कूटर. मेट्रो ६ मार्च २०२४ पासून वनाजहून थेट रामवाडीपर्यंत जाते, वाटेत कल्याणीनगर लागतं, म्हणजे गाडी बदलायची भानगडही नाही. जुन्या गणितानं ही बाई त्याच आठवड्यात मेट्रोत बसायला हवी. आपल्या प्रतिकृतीत तिच्या नावावर सवयीचा एक आकडा आहे, ०.९. सकाळ झाली की संगणक फासा टाकतो. दहांतल्या नऊ वेळा उत्तर येतं, काल केलं तेच कर. त्या दिवशी मेट्रो फुकट असती तरी तिला पत्ता लागला नसता. उरलेल्या एका वेळी ती थांबून विचार करते. महिन्याला पंचवीस कामाचे दिवस धरले तर असा विचार अडीच वेळा होतो, आणि त्यातली एक वेळ महिनाअखेरची, घाईची असते. आणखी एक नियम आहे : स्कूटरनं नीट पोचली की आकडा किंचित चढतो. म्हणजे प्रत्येक बरा प्रवास पुढचा विचार थोडा लांबवतो.

आता त्या विचार करण्याच्या दिवशी ती तोलते कसं ते पाहा. स्कूटरचा वेळ ती मोजते तो गाडी सुरू केल्यापासून गाडी उभी केल्यापर्यंत. स्कार्फ बांधणं, सनकोट चढवणं, सोसायटीच्या पार्किंगमधून दुसऱ्यांच्या तीन गाड्या सरकवून आपली काढणं, ऑफिसपाशी जागा शोधत दोन चकरा मारणं, हे त्या वेळात धरलेलं नसतं. मेट्रोचा वेळ मात्र ती उंबऱ्यापासून मोजते, आणि फलाटावर थांबलेलं एक मिनिट तिला दोन मिनिटांएवढं वाटतं. हे शेवटचं तिच्या एकटीचं नाही. थांबण्याचा वेळ प्रवासातल्या वेळाच्या साधारण दुप्पट जड धरावा, हा वाहतूक नियोजनातला जुना दंडक आहे. पैशांचंही तसंच. मेट्रोचं तिकीट रोज काढावं लागतं, म्हणून तो खर्च रोज दिसतो. पेट्रोल आठवड्यातून एकदा पंपावर ‘दोनशेचं टाका’ म्हणताना दिसतं, सर्व्हिसिंग तीन-चार महिन्यांनी, विमा वर्षातून एकदा, आणि गाडीचा हप्ता तर बँकेतून परस्पर जातो. मंगळवारी सकाळच्या हिशेबात यातलं काहीच नसतं. म्हणून मंगळवारी सकाळी स्कूटर जवळजवळ फुकट असते.

यात अडाणीपणा नाही. ही बाई ऑफिसात दुसऱ्यांचे ताळेबंद तपासत असेल.

आठवणीचा भाग याहून गमतीचा आहे. स्कूटरवरचा वाईट दिवस, म्हणजे पंक्चर, पाऊस किंवा नळ स्टॉपची कोंडी, ‘आज नशीबच खराब’ या खात्यात जातो. मेट्रोतला वाईट दिवस ‘मेट्रो ही अशीच’ या खात्यात. आपल्या बाजूचं वाईट अपवाद आणि समोरच्याचं वाईट नियम, हा न्याय राजकारणात आपण रोज पाहतो, तो वाहनांनाही लागू पडतो. प्रतिकृतीत तो आणायला दोन ओळी पुरतात : रोजच्या वाहनाचा वाईट अनुभव आठवणीत कमी वजनानं लिहायचा, परक्या वाहनाचा जास्त. या दोन ओळींनी जे होतं ते पाहून मी स्वतः चकित झालो. सुरुवातीला अगदी सारख्या असलेल्या दोन सोंगट्या, एकीचा मेट्रोचा पहिला दिवस बरा गेला आणि दुसरीचा जिना बंद असल्यानं फसला, तर वर्षाअखेर त्यांची मेट्रोबद्दलची मतं कुठल्या कुठे गेलेली असतात. आणि दोघीही आपलं मत अनुभवातून आलंय म्हणून शपथ घ्यायला तयार.

सुरक्षिततेबद्दल मात्र गंमत करण्यासारखं काही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. तरी सोंगट्यांना सुरक्षिततेचे गुण द्यायला सांगितलं की दुचाकीवाला आपल्या दुचाकीला बरे गुण देतो, कारण हँडल त्याच्या हातात असतं. १९८१ साली ओला स्वेन्सन यांनी स्वीडन आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुम्ही इतरांच्या मानानं किती सुरक्षित गाडी चालवता. दोन्हीकडच्या मोठ्या बहुमतानं स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. सगळेच वरच्या अर्ध्यात कसे मावतील हा प्रश्न अर्थातच उरतो. भीतीचंही माप असंच वाकडं असतं. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पुष्कळ लोकांनी विमान टाळून मोटारी काढल्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांच्या हिशेबानं पुढच्या वर्षभरात त्यापायी सुमारे दीड हजार माणसं रस्त्यावर जास्तीची मेली. एकदम शेकडो मेले की भीती बसते. रोज एकेक मेला की बसत नाही, आणि दुचाकीवर माणूस एकेकच मरतो.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की उपाय सोपा आहे, लोकांना खरे आकडे सांगा. जाहिरात करा, ॲप काढा, फलक लावा. सवयीचा आकडा मोठा असलेल्या सोंगटीवर हे सगळं वाया जातं, कारण जो बघतच नाही त्याला फलक दिसत नाही. बास फेरप्लांकेन आणि हेंक आर्ट्स यांनी १९९० च्या दशकात प्रयोगांतून हेच दाखवलं, की पक्की सवय असलेला माणूस प्रवासाबद्दल माहिती मागतही नाही. मग सवय सुटते कधी? जगभरातून जे पुरावे आले ते एकाच दिशेला बोट दाखवतात : वाट मोडते तेव्हा.

लंडनचं उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवसांचा संप केला. काही स्टेशनं बंद झाली, काही चालू राहिली, त्यामुळे पुष्कळांना दोन दिवस वेगळ्या वाटेनं जावं लागलं. तिकडे प्रवासी ऑयस्टर कार्ड टेकवून आत-बाहेर करतात. त्या नोंदी तीन अर्थशास्त्रज्ञांनी, लार्कम, राउख आणि विलेम्स यांनी, तपासल्या. संप मिटल्यावर साधारण वीसांतला एक प्रवासी जुन्या वाटेवर परतलाच नाही. त्याला बरी वाट सापडली होती, आणि ती वाट संपाआधीही तिथेच होती. लंडनचा तो प्रसिद्ध रेल्वे-नकाशा सरळ रेषांत बसवण्यासाठी अंतरं वाकवतो. जिथे नकाशा जास्त खोटं बोलत होता, त्या भागातले लोक जास्त प्रमाणात बदलले, असंही त्यांना आढळलं. वर्षानुवर्षं रोज प्रवास करणारी ही माणसं. नकाशावर विश्वास ठेवून चालली होती.

जपानात ओसाकाजवळचा एक द्रुतगती मार्ग १९९८ साली आठ दिवस दुरुस्तीसाठी बंद होता. सातोशी फुजी आणि सहकाऱ्यांनी रोज मोटारीनं जाणाऱ्यांना गाठलं. रेल्वे-बसनं किती वेळ लागेल याचा त्यांचा अंदाज बराच फुगलेला होता. नाइलाजानं जाऊन पाहिल्यावर तो खाली आला, आणि ज्यांचा आला त्यांतले बरेच पुढेही जात राहिले. स्टॉकहोममध्ये ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात शहरात शिरण्यावर कर लावून पाहिला. हद्दीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्शानं घटली. चाचणी संपली, कर उठला, मोटारी परतल्या, पण सगळ्या नाही. कर नसतानाही आकडा जुन्या पातळीला पोचला नाही. पुढे ऑगस्ट २००७ मध्ये कर कायमचा लागला. सुरुवातीला विरोधात असलेलं लोकमत तोवर कराच्या बाजूला झुकलं होतं.

आपल्याकडेही असे प्रयोग होतात, फक्त ते प्रयोग म्हणून कुणी नोंदवून ठेवत नाही. एसटीचा संप आठवा. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. सांगली-साताऱ्याकडचा माणूस वडापला लागला, मराठवाड्यातला काळीपिवळीला, ज्याला झेपलं त्यानं हप्त्यावर दुचाकी घेतली. सवय नसलेलं गणित म्हणतं, संप मिटला की सगळं पूर्ववत. सवयीचं गणित म्हणतं, थांबा. पाच महिन्यांत वडापवाल्याचा मोबाइल नंबर फोनमध्ये शिरलाय, तो घराच्या कोपऱ्यावर थांबतो, आणि दुचाकीचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. आता प्रतिकृतीला विचारण्यासारखा प्रश्न असा : हेच अर्धं तिकीट संप मिटला त्या आठवड्यात, सगळ्यांच्या वाटा मोडलेल्या असताना, आलं असतं तर? मॅकफॅडनच्या गणितात घटनांचा क्रम बदलून शेवट बदलत नाही. सोंगट्यांच्या शहरात बदलतो. तोच निर्णय, तोच खर्च, अकरा महिने आधी किंवा नंतर, आणि आगारात वेगळी गर्दी. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाची खरी किंमत इथे आहे. किती लोक येतील हे सांगण्यात प्रतिकृती चुकू शकते. कधी विचारलं तर येतील, हे सांगायला दुसरं साधनच नाही.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर सवय म्हणजे जणू सगळ्यांनाच जडलेलं दुखणं असा समज व्हायचा. जुलै २०१९ मध्ये मुंबईत बेस्टचं किमान भाडं आठ रुपयांवरून पाचावर आलं, आणि काही महिन्यांतच रोजचे प्रवासी लाखांनी वाढले. ते कुठून आले? स्वतःची गाडी सोडून फार कमी. बरेच शेअर रिक्षा-टॅक्सीतून आणि पायी चालण्यातून. हे लोक रोज खिशातून सुटे पैसे काढतात, म्हणून रोज तुलना करतात. त्यांचा सवयीचा आकडा लहान असतो, कारण त्यांच्या दारात हप्त्याची गाडी उभी नसते. सवयीची चैन करायलाही काहीतरी मालकीचं लागतं.

आता त्या दोन स्कूटरींकडे येतो. प्रतिकृती चार वेळा चालवायची. एकदा जशी आहे तशी. एकदा सगळ्यांची सवय शून्य करून, म्हणजे प्रत्येक सोंगटी रोज विचार करते. एकदा सवय तशीच ठेवून, पण बस दर पाच मिनिटांनी, स्टेशनपर्यंत चालता येईल असा पदपथ, संध्याकाळी दिवे. आणि एकदा दोन्ही बदलून. दुसऱ्या वेळी ज्या सोंगट्या स्कूटर सोडतात त्या सवयीनं बांधलेल्या होत्या. कोथरूडची आपली बाई त्यांत सापडते. पण तिचीच जुळी बहीण वाघोलीच्या पलीकडे राहत असेल आणि मुंढव्याला कामाला जात असेल, तर सवय शून्य केल्यावरही ती स्कूटरच काढते. तिनं पूर्ण विचार केला, सगळे आकडे खरे धरले, भीतीचं माप सरळ केलं, तरी उत्तर तेच येतं, कारण तोलायला पारड्यात दुसरं काही नाही. तिसऱ्या वेळी ती हलते, आणि तेव्हा तिच्या बहिणीपेक्षा लवकर हलते. तिनं गाडी नाइलाजानं घेतली होती, जीव कधी जडला नव्हता.

या भेदाकडे दुर्लक्ष झालं तर हा विषय वाईट हातांत पडतो, आणि पडलेलाही आहे. ‘लोकांची मानसिकता बदलली पाहिजे’ हे बैठकीतलं सर्वांत स्वस्त वाक्य आहे. त्याला ना बस घ्यावी लागते ना ड्रायव्हर. पूर्वग्रहांचा अभ्यास म्हणजे त्या वाक्याला मिळालेला शास्त्रीय आधार, अशी कुणाची समजूत असेल तर त्यांनी प्रतिकृती आधी त्या तिसऱ्या प्रकारे चालवावी. आणखी एक गोष्ट सोंगट्या लिहिताना मी कटाक्षानं पाळली आहे. रात्री साडेनऊला अंधाऱ्या थांब्यावर एकटी उभी राहायला जी बाई तयार नाही, तिच्या भीतीला प्रतिकृतीत पूर्वग्रह म्हटलेलं नाही. ती माहिती आहे, आणि बहुधा नियोजनकर्त्याकडे असलेल्या माहितीपेक्षा चांगली.

कच्च्या मालाची अडचण मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत घर ते कामाचं ठिकाण हे अंतर आणि जाण्याचं साधन विचारलं होतं. तो साठा अजूनही मोलाचा आहे, पण त्यातून शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे वगळले होते, विद्यार्थी नव्हते, आणि घर सांभाळणाऱ्या बायकांच्या फेऱ्या तर कुठेच नव्हत्या. त्यानंतर दहा वर्षांनी व्हायची ती जनगणना वेळेवर झालीच नाही. शिवाय ‘कामावर कसे जाता’ या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे, की माणूस घरातून निघतो तो थेट कामावर पोचतो. पुरुष पुष्कळदा तसा जातोही. बाई जाताना मुलाला पाळणाघरात सोडते, येताना भाजी घेते, मधल्या वाटेत सासूबाईंची औषधं. तीन ठिकाणी थांबणाऱ्या माणसाला स्कूटर का हवी हे एका प्रश्नाच्या सर्वेक्षणाला कळत नाही, आणि मग ते सवयीच्या खात्यात जमा होतं.

सवयीचा आकडा ०.९ का, ०.८ का नाही, असं कुणी विचारेलच. तो मोजता येतो तेवढा मोजायचा, उरलेला अनेक खुणांशी जुळवून ठरवायचा. एकाच आलेखाशी जुळणारी प्रतिकृती कुणीही बनवू शकतो. पुरेशा खुंट्या पिळल्या की हवा तो आलेख निघतो. म्हणून इथे अट कडक ठेवली आहे. तोच आकडा पावसाळ्यातली घट, भाडेवाढीनंतरचे पहिले दोन महिने आणि मार्ग बंद असतानाचे आठवडे, तिन्हींचं चित्र बरं काढत असेल तरच तो ठेवायचा. घर बदललेल्या सोंगट्या वेगळ्या तपासायच्या. नव्या घरी गेल्यावर सुरुवातीचा काही काळ माणूस पुन्हा विचार करतो, हे फेरप्लांकेन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या बाथ इथे २००८ साली दाखवलं आहे. ज्या शहराला दर महिन्याला हजारो नवे भाडेकरू मिळतात, त्यानं या काळाचा विचार करायला हरकत नाही. भाडेकरार नोंदवतानाच महिन्याचा पास हातात ठेवला तर काय होईल, हे सहाव्या प्रकरणात चालवून पाहिलं आहे.

वाचकाला संगणकाची भाषा येत नसली तरी चालेल. प्रतिकृती फुकट मिळणाऱ्या साधनांत करता येतात. नेटलोगो शाळकरी मुलांनाही जमतं, आणि फ्रान्स व व्हिएतनामच्या संशोधकांच्या सहकार्यातून वाढलेलं गामा शहराचा खरा नकाशा आत घेतं. पहिली दोन प्रकरणं तर कागद, फासे आणि चार मित्र जमवून करण्यासारखी आहेत, आणि माझ्या अनुभवानं अभियंत्यांपेक्षा रिक्षावाले त्यांत जास्त रमतात. शहर पुण्यासारखं असलं तरी ते पुणे नाही. रस्ते सरळ केले आहेत, पेठा मिळून एकच पेठ केली आहे, गणेशोत्सवाचे दहा दिवस गाळले आहेत. मालवाहू टेम्पो पहिल्या आराखड्यात नव्हते, अजूनही नाहीत. शाळेच्या रिक्षाही नव्हत्या. त्या मात्र नंतर घालाव्या लागल्या, कारण त्यांच्याशिवाय सकाळी सात ते आठचा आलेख काही केल्या जुळत नव्हता.